सोमवारचा मासा

मला मासा आवडत नाही. वासानं नाही, चवीनं नाही, आणि दिसायला तर मुळीच नाही. डोळे उघडे ठेवून मेलेल्या कुठल्याही गोष्टीकडे मला बघवत नाही. चंदगड तालुक्यातल्या आमच्या गावात पावसाळ्यात भाजीची मारामार असायची, तेव्हा आई सुकट भाजायची आणि मी भाकरी घेऊन गोठ्यात जाऊन बसायचो. शेणाचा वास मला चालायचा. असा माणूस कित्येक सोमवार समुद्रावर मासे धरायला जात होता, हे सांगितलं तर माझ्या बायकोलाही खरं वाटत नाही. पण मी जात होतो. का जात होतो, त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. मला पर्मनंट व्हायचं होतं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, कंत्राटी कामगार होतो. सात महिने भरत आले की ब्रेक मिळायचा. महिनाभर घरी बसायचं आणि पुन्हा नवीन माणूस असल्यासारखं गेटवर येऊन उभं राहायचं. असे तीन ब्रेक मी खाल्ले होते. गावाकडे माझ्यासाठी दोन स्थळं बघून झाली होती आणि दोन्हीकडून एकच प्रश्न आला होता, मुलगा पर्मनंट आहे का. आई म्हणायची, होईल लवकरच. मग माझ्याकडे बघायची. चौथा ब्रेक आला तर तिसरं स्थळही येणार नाही हे तिला कळत होतं आणि मलाही.

पर्मनंटसाठी वर कुणाचं नाव पाठवायचं, हे ठरवायचे आमच्या शॉपचे मिस्त्री. पन्नाशीचा आडदांड माणूस. वाळूत आयुष्य गेल्यामुळे आवाज खरखरीत झालेला आणि बोलणं कायम वरच्या पट्टीत. कामात एक नंबर, हे मी आजही म्हणेन. साच्यावर नुसता हात फिरवून वाळूत पाणी जास्त झालंय का कमी, हे सांगायचे. पण कारखान्याबाहेर त्यांना एकच वेड होतं, गळ टाकायचं. पंचगंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांचे निम्मे सोमवार जायचे. सोमवार अशासाठी की आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असायची.

आणि सोमवारीच त्यांचा उपास असायचा. मुलगा लहानपणी तापानं हातचा जायला आला होता, तेव्हा मिस्त्रींच्या बायकोनं महादेवाला नवस बोलला होता. मुलगा वाचला आणि तेव्हापासून दोघा नवराबायकोंचा सोमवार कडक. मासा सोमवारी धरायचा, घराबाहेर पाण्याच्या बादलीत ठेवायचा आणि मंगळवारी खायचा. मंगळवारपर्यंत त्या बादलीचं काय होत असेल ते मी सांगत नाही. शेजारी सांगायचे.

एका लग्नाच्या निमित्तानं मिस्त्री देवगडकडे गेले, तिथं खडकावर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी गळाला हातभर मासा लागलेला त्यांनी बघितला, आणि पंचगंगेवरून त्यांचं मन उडालं. दुसऱ्या दिवशी मी साचा दाबत होतो, तिथं ते येऊन उभे राहिले.

"तू चंदगडचा न्हवं?"

"व्हय."

"म्हंजे कोकणातलाच की लका. समुद्रातलं मासं वळकाय येत असतील तुला."

कोल्हापुरात सगळ्यांचा हाच समज. चंदगड म्हणजे गोव्याच्या अलीकडे, म्हणजे समुद्र अंगणातच. खरं तर मी तोवर समुद्र बघितलाही नव्हता. एसटीनं बेळगावला गेलो होतो तेवढंच. पण नाव पाठवणारा माणूस स्वतःहून समोर उभा होता.

"येतंय की," मी म्हणालो.

"मग येत्या सोमवारी यायचं माझ्यासंगं."

"किती वाजता, मिस्त्री?"

तेव्हापासून दर रविवारी शिफ्ट सुटताना ते विचारायचे, "उद्या येणार न्हवं?" आणि मी म्हणायचो, "किती वाजता, मिस्त्री?" नाही हा शब्द माझ्या तोंडातून कधी निघाला नाही.

पहाटे त्यांच्या मोटारसायकलवर निघायचो. राधानगरीला उजाडायचं. मांडीवर पिशवी धरून मी मागे बसलेला असायचो आणि पिशवीत एकसारखे दिसणारे दोन स्टीलचे डबे. एकात मिस्त्रींची शाबूची खिचडी आणि दुसऱ्यात आदल्या दिवशी चिकनच्या दुकानातून मागून आणलेली कोंबडीची आतडी. नदीतले मासे आतड्याला हमखास लागतात, म्हणून समुद्रातल्याही माशांना तीच. फोंडा घाटाच्या वळणावळणावर ते झाकण हलायचं आणि दुसऱ्या दिवसाचा तो वास माझ्या नाकापर्यंत यायचा. घाट उतरून उकाडा सुरू झाला की विचारूच नका. मी तोंड वळवून रस्त्याकडे बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, पर्मनंट, पर्मनंट.

लोक समुद्राचं एवढं कौतुक का करतात ते मला पहिल्याच दिवशी कळेनासं झालं. आम्ही जायचो ती जागा देवगडच्या अलीकडच्या एका खाडीच्या तोंडाशी होती. काळे खडक, त्यावर शेवाळ, आणि ओहोटी लागली की सगळीकडून कुजका वास. खडकांवर कसले कसले किडे, पाय ठेवला की शंभर दिशांना पळणारे. डबक्यात बोट घातलं तर चिकट काहीतरी बोटाला लुचायचं. एकदा वाळूत एक मोठं कासव मरून पडलेलं होतं, त्याच्या मानेत कुत्र्यांनी तोंड घातलं होतं, आणि मिस्त्री त्याच्या पाठीवर बोटं वाजवून म्हणाले, "कास्टिंग चांगलं हाय." मी खडकाआड जाऊन ओकलो. परत येताना चूळ भरायला समुद्राचं पाणी घेतलं आणि पुन्हा ओकलो.

पण या सगळ्याहून मला शिसारी यायची ती मिस्त्रींच्या एका सवयीची. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाला मासा ठेवायला जागा नसते. गळाला पुन्हा आमिष लावायला दोन्ही हात लागतात, म्हणून आमच्याकडची गळ टाकणारी जुनी माणसं जिवंत मासा दातात धरतात. डोक्याच्या मागं चावा घ्यायचा, मासा गप होतो, मग सावकाश आमिष लावून गळ टाकायचा आणि तोंडातला मासा कमरेच्या पिशवीत सोडायचा. मिस्त्री चाळीस वर्षं हेच करत आले होते. इथं खडकावर उभं राहायला जागा होती, पिशवी पायाशी होती, मी रिकामा उभा होतो, तरी मासा आला की तो थेट दातात. शेपटी मिशीवर फडफडायची. ओठांच्या कडेनं लाळ आणि रक्त एकत्र होऊन हनुवटीवर यायचं, ते मनगटानं पुसायचे आणि त्याच हातानं खिचडीचा डबा उघडून मला म्हणायचे, "खा की, लाजतोस काय."

एकदा मी धीर करून विचारलं, "मिस्त्री, आज सोमवार न्हवं? मासा तोंडात धरल्याला चालतोय?"

"चावतोय मी, गिळत न्हाय," ते म्हणाले. "थुकून टाकतोय की सगळं. गिळलं तर उपास मोडतोय."

महादेवाशी त्यांचा हा करार कधी झाला होता कोण जाणे.

त्या खडकांवर एक म्हातारी कोयतीनं कालवं काढायला यायची. आमच्या दुसऱ्या का तिसऱ्या फेरीला मिस्त्री आपली दोरी माझ्या हातात देऊन खडकाच्या पलीकडे गेले होते आणि तिच्या गळाला वीतभराहून लहान एक मासा लागला. मोठं डोकं, पांढरं पोट, बाहेर आलेले डोळे आणि तोंडात चक्क माणसासारखे दात. मी तो हातभर लांब धरून उभा होतो, तेव्हा म्हातारी हसत जवळ आली.

"केंड तो. खंयसून इलास रे झिला? केंड म्हायत नाय?"

तिनं माझ्या हातातून दोरी घेतली, मासा खडकावर उलटा ठेवला आणि त्याच्या पोटावर बोटानं खाजवलं. माशानं कचाकच हवा गिळली. बघता बघता तो फुगला, लिंबाएवढ्या पोटाचा मोसंब्याएवढा झाला, अंगावर बारीक काटे उभे राहिले, आणि दात एकमेकांवर घासून किर्र किर्र आवाज काढायला लागला. माझ्या अंगावर काटा आला.

"खांव नको हां ह्येका," ती म्हणाली. "इखारी आसता. तोंडात पन घालू नको." आणि तिनं पायानं तो पाण्यात ढकलून दिला.

मिस्त्री परत आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला मासे ओळखता येत नाहीत हे उघडं पडलं असतं. त्या दिवशी कारण एवढंच होतं.

चौथ्या ब्रेकला तीन आठवडे राहिले तेव्हाची गोष्ट. घाट उतरताना मी मागून विचारलं, "मिस्त्री, माझं नाव दिलं का वर?" वाऱ्यात ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "दिलंय का न्हाय ते आठवंना. बघू की." बघू की. आतड्याचा डबा मांडीवर घेऊन मी एवढे सोमवार घालवले होते आणि ह्यांना आठवत नव्हतं. खडकावर पोचलो तरी माझ्या कानात तेच घुमत होतं. वर त्यांनी त्या दिवशी मला आतडी बोटांनी तोडायला लावली, कारण सुरी घरी राहिली होती. ती बोटं नाकाजवळ नेली नसली तरी नाकाजवळच होती.

दहाच्या सुमाराला त्यांच्या दोरीला झटका बसला. वर आला तो केंड. पांढरं पोट, बाहेर आलेले डोळे. मिस्त्रींनी गळ काढला, मासा दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाले, "ह्यो कुठला रं?"

त्यांनी मला विचारलं होतं. एक शब्द बोलायचा होता. मी तो बोललो नाही. खांदे उडवले, आणि त्यांनी तो दातात धरला आणि आतड्याच्या डब्याकडे वाकले.

केंड तोंडातच फुगला. आधी गाल भरले, मग ओठ ताणले, मग मिस्त्रींचे डोळे त्या माशासारखे बाहेर आले. त्यांनी दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली, पण शेपटी बुळबुळीत आणि आतले काटे टाळूत रुतलेले. घशातून आवाज येत होता तो त्यांचा की माशाच्या दातांचा हे कळत नव्हतं. ते गुडघ्यावर बसले. मी समोर उभा होतो. किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. फार नसेल, पण होतो.

मग माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा माणूस इथं मेला तर माझं नाव वर कोण पाठवणार. माणूस मरतोय म्हणून नाही, नाव राहील म्हणून. या विचाराची मला जितकी किळस येते तितकी त्या आतड्यांचीही येत नाही. पण हललो तो त्या विचारानंच.

पिशवीत मासे ओवायचं दाभण होतं. मोल्डिंगवाल्याच्या हाताला एक गोष्ट न सांगता येते. साच्यात लोखंडाचा रस ओतला की आत हवा कोंडते, ती निघून जावी म्हणून वाळूत सुईनं भोकं पाडावी लागतात, नाहीतर कास्टिंग फुटतं. मी डाव्या हातानं मिस्त्रींचं डोकं माझ्या पोटाशी दाबून धरलं आणि ओठांच्या मधून दिसणाऱ्या त्या पांढऱ्या पोटात दाभण घातलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. फस्स करून हवा निघाली आणि तिच्याबरोबर जो वास आला तो आजही कधीतरी जेवताना माझ्या नाकात येतो. मग तोंडात बोटं घालून मी ते चिपाड बाहेर ओढलं. त्यांच्या लाळेनं, रक्तानं आणि त्या माशाच्या चिकट पाण्यानं माझा हात मनगटापर्यंत भरला होता.

मिस्त्री हातापायांवर ओणवे होऊन ओकले. बराच वेळ खोकले. आता हे काहीतरी चांगलं बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "रगत गिळलं काय रं मी?"

"थोडं गेलं असेल."

"उपास मोडला," ते म्हणाले आणि तिथंच रडायला लागले. मुलगा तेव्हा आयटीआयला होता, धडधाकट होता. तरी ह्यांच्या डोळ्यांसमोर तोच असावा. मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी त्यांच्या हनुवटीवरचं ते ओघळणारं बघून मी तोंड फिरवलं.

ओठ बधिर झालेत असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला म्हातारीचा शब्द आठवला, इखारी. म्हातारी लांबून धावत आली होती, तिनं खाडीपलीकडचा दवाखाना दाखवला. मी मोटारसायकल चालवली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं आणि म्हणाले, नशीब, थोडक्यात वाचले, थोडं आणखी पोटात गेलं असतं तर श्वास बंद पडला असता. जिभेवर आणि टाळूवर जखमा होत्या. बोलता येत नव्हतं, तरी घाट चढताना त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "रगत गिळल्यालं कुणाला सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. कारखान्यात मिस्त्रींनीच सगळ्यांना सांगितलं, की मासा घशात अडकला होता आणि ह्या पोरानं दाभण घालून जीव वाचवला. लोक येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचे. पुढच्या पंधरवड्यात माझं नाव वर गेलं. ब्रेक आला नाही. उन्हाळ्यात माझं लग्न झालं, आणि लग्नात मिस्त्री आहेर घेऊन आले तेव्हा माझ्या आईनं त्यांच्या पाया पडायला मला दोनदा सांगितलं. मी पडलो. वाकताना त्यांच्या तोंडाकडे बघायचं मी टाळलं.

पुढं गळ टाकायला जाणं आपोआप बंद झालं. मिस्त्रींच्या बायकोनं त्यांना समुद्राची बंदी केली होती. मी मात्र दर वेळी कुणी ती गोष्ट काढली की मान खाली घालायचो आणि लोकांना ती नम्रता वाटायची. माझं कौतुक होत असताना मला स्वतःचीच ओकारी यायची.

मिस्त्री रिटायर झाले ते सात-आठ वर्षांनी, एका महिनाअखेरीला, रविवारी. कॅन्टीनमध्ये शाल-नारळ झाला, पेढे वाटले. भाषणात त्यांनी पुन्हा तीच गोष्ट सांगितली आणि मला उभं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ते सहन होईना. कार्यक्रम संपल्यावर ते मोटारसायकलच्या स्टँडकडे निघाले, तिथं मी त्यांना गाठलं.

"मिस्त्री, एक सांगायचं होतं. त्या दिवशी मला ठाऊक होतं, तो मासा फुगतोय म्हणून."

त्यांनी पेढ्याचा हात रुमालाला पुसला. "मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"कसं काय?"

"तू हसत हुतास की. मासा तोंडात फुगल्यावर माणूस बघणार कुठं? म्होरं तूच उभा. तुझं त्वांड दिसत हुतं मला."

मी हसत होतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी आठवून बघितलं. आठवेना. पण ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. आवाज पहिल्यांदाच खालच्या पट्टीत होता.

"मग माझं नाव का पाठवलं?"

"उपास मोडल्यालं तू बोलला न्हाईस म्हणून. बोलला आसतास तर बायकू घरात घेत न्हवती मला." त्यांनी नारळ डिकीत टाकला. "जीव वाचवल्याचं म्हणशील तर दाभणानं टाळूला पडल्यालं भोक आजून हाय. गरम च्या पेलं की झोंबतंय."

मला वाटत होतं, एवढी वर्षं मी त्यांना फसवत होतो. त्यांनी मला कधीच विकत घेतलं होतं आणि त्याचा आहेरही करून गेले होते. त्यांनी किक मारली, गाडी चालू झाली नाही, पुन्हा मारली.

"आता काय, रोज सुट्टीच," ते म्हणाले. "बायकूला वाडीला देवदर्शनाला जातोय म्हणून सांगतो. देवगडला जाऊया. उद्या येणार न्हवं?"

मी पर्मनंट होतो. घरी बायको होती, पोरगी होती. ह्या माणसाच्या हातात आता माझं काहीही नव्हतं, साधा गेटपासही नव्हता.

"किती वाजता, मिस्त्री?" मी विचारलं.